बर्फावरच्या चौदा कविता आणि एक पान जास्तीचं

आमच्या सान हेरोनिमो गावात कविता न केलेला माणूस शोधायचा म्हटलं तर पाळण्यापाशी जावं लागतं. दातांचा डॉक्टर कविता करतो आणि तुमच्या तोंडात हत्यार असतानाच ऐकवतो, म्हणजे मत देण्याचा प्रश्नच येत नाही. बसचा कंडक्टर तिकिटामागे चार ओळी खरडून देतो, आणि उतरताना तुम्ही काही बोलला नाहीत तर पुढच्या खेपेला तुमच्या थांब्यावर बस जरा पुढे नेऊन उभी करतो. निकाराग्वात सगळीकडेच हे थोडंफार आहे, पण आमच्या गावाला जरा जास्तच झालंय. अनोळखी माणसालासुद्धा इथं "ओ कविराज, जरा सरका" अशीच हाक मारतात आणि शंभरातले नव्याण्णव सरकतात.

न सरकणारा शंभरावा म्हणजे एवेलिओ तेरान. जमीन-नोंदणी कचेरीतले मुख्य कारकून, पस्तीस वर्षं. त्यांना कोणी "कविराज" म्हटलं की ते थांबत, चष्मा सारखा करत आणि सांगत, "तेरान. एवेलिओ तेरान. कृपया दुरुस्ती करावी."

निवृत्तीनंतर वर्षभरात त्यांनी घरातल्या सगळ्या कुलुपांना तेल घातलं, कपाटांवर नंबर टाकले आणि स्वयंपाकघरातल्या बरण्यांची नोंदवही केली. एके दिवशी त्यांच्या पत्नी ओतिलियाबाईंना मीठ हवं होतं आणि साहेबांनी विचारलं, "अनुक्रमांक?" त्या दिवशी बाईंनी त्यांच्या हातात पिशवी दिली. म्हणाल्या, "एवेलिओ, वाचनालयातली जुनी पुस्तकं विकायला काढलीत. जा, एखादं घेऊन ये. जेवढं जाड मिळेल तेवढं जाड."

साहेबांनी सहाशे पानांचं आणलं. त्याला पुठ्ठा नव्हता, पहिली अकरा पानं नव्हती, त्यामुळे लेखक कोण आणि पुस्तकाचं नाव काय हे कळायला मार्ग नव्हता. पण मजकूर भक्कम होता. एक जहाज दक्षिण ध्रुवाकडे निघतं, बर्फात अडकतं, आणि कप्तान व त्याची माणसं दोन वर्षं तिथं काढतात, एवढीच गोष्ट. बाहेर एकोणचाळीस अंश ऊन. फुटपाथवर झुलती खुर्ची, पाय पाण्याच्या टोपात, आणि साहेब बर्फात. शेजारणीने "नमस्कार" म्हटलं तर "वारा पडलाय, शिडं उतरवा" असं उत्तर आल्याचं ती शपथेवर सांगते.

नऊ दिवसांत पुस्तक संपलं. दहाव्या दिवशी दुपारी तीन वाजता साहेब उठले, कचेरीतून निरोपादाखल मिळालेल्या लांब कागदांपैकी एक घेतला आणि त्यावर लिहिलं:

हे बर्फा! हे कोऱ्या दस्तऐवजा!
तुझ्या चतुःसीमा नोंदवील कोण?
उत्तरेस पाणी, दक्षिणेस पाणी,
पूर्वेकडून कोणाचीच हरकत नाही.

लिहून झाल्यावर त्यांचा हात थरथरत होता. खरी कविता झाली की हात थरथरतो असं त्यांनी ऐकलं होतं. (पाय तीन तास पाण्यात असले तरी थरथरतो, पण ते असो.) आठवड्याभरात अशा चौदा कविता झाल्या.

पहिली त्यांनी ओतिलियाबाईंना वाचून दाखवली. बाई तव्यावर मक्याच्या पोळ्या थापत होत्या.

"कशी आहे?"

"लांबी-रुंदी बरोबर वाटते," बाई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, तव्याकडेच बघत, "अडतीस वर्षांत मला कधी एक ओळ लिहिली नाहीस एवेलिओ. बर्फाला चौदा?"

"तुला काय लिहायचं? तू तर इथंच असतेस."

हे वाक्य साहेबांनी इतक्या निष्पापपणे उच्चारलं की त्यातला गुन्हा त्यांच्या लक्षातच आला नाही. बाईंच्या आला. पण त्यांनी पोळी उलटली.

आता चौदा कविता घरात ठेवून माणूस स्वस्थ बसू शकतो का? शकतो, पण सान हेरोनिमोत नाही. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी आमच्याकडे बागेत कवितेची संध्याकाळ असते. व्यासपीठावर सात खुर्च्या मांडतात आणि प्रत्येक खुर्चीसमोर कवीच्या नावाची पाटी. साहेबांचं मन त्या पाटीवर बसलं. निवृत्तीच्या दिवशी त्यांच्या टेबलावरची नावाची पाटी कोणीतरी स्क्रू काढून, वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्या हातात दिली होती. ती अजून तशीच गुंडाळलेली होती. माणसाला आपलं नाव कुठेतरी उभं दिसावं असं वाटतं, त्यात वाईट काही नाही.

बेत जाहीर झाला आणि सल्ले सुरू झाले. समोरचे औषधवाले हासिंतो प्राव्हिया हे गावातले ज्येष्ठ कवी. त्यांची नऊशे सुनीतं झाली आहेत, पैकी दोनशे खोकल्यावर. खुर्ची मात्र त्यांना आजवर एकदाही मिळालेली नाही. त्यांनी साहेबांच्या चौदाही कविता दुकानात उभ्या उभ्या वाचल्या. गिऱ्हाईक खोळंबलं होतं, पण ते खोकलावालंच होतं, त्याला वाट बघायची सवय होती.

"तेरानसाहेब," हासिंतो म्हणाले, "यमक नाही, ते एक असो. पण तुम्ही बर्फ पाहिलाय कधी?"

"सरबतात."

"सरबतातला बर्फ हा बर्फ नव्हे! ज्याने अनुभवलं नाही त्याने लिहू नये. मी खोकल्यावर लिहिण्याआधी सहा महिने खोकलोय!"

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या दोन्या एर्लिंदा आल्या. (वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे मानाने 'दोन्या' म्हणतात.) दर शनिवारी त्या केळीच्या पानात बांधून उकडलेले मक्याचे नाकातामाल विकतात, आणि पुडक्याबरोबर एक मत फुकट देतात. त्यांनी खांद्यावरून वाचलं. "सगळे बाप्येच दिसतायत की हो यात. कप्तान, खलाशी, सुतार. बाई कुठाय?"

"दक्षिण ध्रुवावर बाई कुठून येणार?" साहेब म्हणाले.

"मग वाचणार कोण?" असं म्हणून त्या पुडकं देऊन निघून गेल्या.

साहेबांना हासिंतोंचं पटलं. कचेरीतसुद्धा जागेची प्रत्यक्ष पाहणी केल्याशिवाय नोंद होत नसे. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ते मासळीच्या वखारीत गेले आणि मालकाला म्हणाले, "मला बर्फाच्या खोलीत पाच मिनिटं उभं राहायचंय. साहित्यिक कारणासाठी." दुसऱ्या कुठल्या गावात मालकाने पोलीस बोलावले असते. आमच्याकडच्या मालकाने फक्त विचारलं, "मुक्तछंद का वृत्तात?" आणि दार उघडून दिलं.

साहेब आत गेले. भोवती बर्फाच्या लाद्या आणि लाद्यांवर डोळे उघडे ठेवून पडलेले मासे. पहिली दोन मिनिटं भारून गेल्यासारखी गेली. तिसऱ्या मिनिटाला ट्रक आला, मालक माल उतरवून घ्यायला धावला आणि जाताना सवयीने दार लावून गेला. पंचवीस मिनिटं. साहेबांनी आतून दारावर ठोकलं, ओरडून पाहिलं, शेवटी कप्तानाने माणसांचा धीर राखण्यासाठी जे केलं होतं ते करून पाहिलं, म्हणजे मोठ्याने गाणी म्हटली. ऐकायला मासे होते. दार उघडलं तेव्हा साहेब एका मोठ्या माशाला पाठ टेकून उभे होते आणि ओठ निळे पडले होते.

एकोणचाळीस अंशांत गारठून आजारी पडलेला माणूस आमच्या गावाने पहिल्यांदाच पाहिला. लोक बघायला आले. दोन्या एर्लिंदांनी कोंबडीचं सूप आणलं. हासिंतोंनी औषध दिलं आणि जाता जाता चार-पाच सुनीतंही दिली, जेवणानंतर एकेक. साहेब तीन दिवस तापात होते. अधूनमधून डोळे उघडले की त्यांना एकच दिसे: उशाशी ओतिलियाबाई, नाकावर चष्मा, मांडीवर ते बिनपुठ्ठ्याचं पुस्तक.

"काय वाचतेस?" एकदा त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"तुझा बर्फ. झोप."

बरे झाल्यावर साहेबांनी कवितांचं बाड जाडशा फायलीत घातलं. बाईंनी विचारलं, "फाईल बघितलीस का एकदा?"

"बघायची काय? सगळं जागेवर आहे."

दोन दिवसांनी त्यांनी पुन्हा विचारलं, "फाईल उघडून बघितलीस?"

"ओतिलिया, पस्तीस वर्षं मी फायलीच बघितल्या." बाई भांडी आवरायला गेल्या. साहेबांना वाटलं, मुद्दा पटला.

मग कचेरी. इतकी वर्षं साहेब खिडकीच्या आतल्या बाजूला होते. बाहेरच्या बाजूला किती ऊन असतं हे त्यांना माहीत नव्हतं. नगरपालिकेच्या सांस्कृतिक विभागाच्या खिडकीत सेन्योरिता ग्रिसेल्दा मोंकादा बसते. चाळिशीची, नीटनेटकी, नखं लाल. साहेबांना पाहून ती उठून उभी राहिली.

"तेरानसाहेब! ओळखलंत मला? माझ्या आईच्या घराचा कागद. तुम्ही अकरा वेळा परत पाठवला होतात. आमच्या आडनावात 'क'च्या जागी दुसरं अक्षर पडलं होतं म्हणून."

साहेबांनी आठवल्यासारखं केलं. "शेवटी झालं ना काम?"

"झालं ना! आई गेल्यावर झालं," ती गोड हसली. "माझा राग नाही हं. उलट मी तुमच्याकडूनच शिकले, नियम म्हणजे नियम. कोणत्या वर्गात अर्ज करताय? मान्यवर कवी का नवोदित?"

"मान्यवर," साहेब म्हणाले.

"मग साहित्य मंडळाचं सभासदपत्र लागेल."

साहित्य मंडळ म्हणजे त्याच इमारतीतली मागची खोली. तिथं सांगितलं, सभासदपत्र मिळतं, पण आधी कवितेच्या संध्याकाळी वाचन केल्याचा दाखला आणा. साहेब पुन्हा खिडकीशी आले. ग्रिसेल्दाने मान हलवली. "दाखला वाचन केल्यावर मिळतो, आणि वाचायला सभासदपत्र लागतं." पस्तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगायचं तर अशी निर्दोष रचना साहेबांनी क्वचितच पाहिली होती. त्यांना राग आला, पण रागाच्या तळाशी थोडा आदरही होता.

"मग नवोदित."

"नवोदितांना सोपं आहे. शाळेच्या मुख्याध्यापकांचं वर्तणुकीचं पत्र, एवढंच."

"मी सहासष्ट वर्षांचा आहे, सेन्योरिता."

"वयाची अट कुठेच नाही. मी मुद्दाम बघून ठेवलंय."

साहेब शाळेत गेले. मुख्याध्यापिका त्यांच्या मुलीच्या वयाची. तिनं पंचावन्न वर्षांपूर्वीचं रजिस्टर काढवलं, धूळ झटकली, आणि त्यात पाहून लिहून दिलं: "विद्यार्थी एवेलिओ तेरान याची वर्तणूक समाधानकारक असून तो रांगेत बोलतो." साहेब म्हणाले, "रांगेतलं काढता येईल का?" ती म्हणाली, "रजिस्टरात आहे ते लिहावं लागतं हो. खोटं कसं लिहू?" साहेबांनी पत्र घडी करून खिशात घातलं, हेच वाक्य ते लोकांना ऐकवत आले होते.

शेवटच्या दिवशी, खिडकी बंद व्हायला पाच मिनिटं असताना, ते पत्र घेऊन साहेब पोचले. सदरा अंगाला चिकटलेला, मागे रांगेत सहा कवी कुरकुरतायत. ग्रिसेल्दाने फायलीतली पानं बाहेर काढून मोजली. "पंधरा."

"चौदा."

"मोजणं माझं काम आहे, साहेब. पंधरा. प्रत्येक पानाच्या समासात सही करा."

साहेबांना वाटलं, तिने अर्जही मोजला असेल. वाद घालावा तर खिडकी बंद होईल. तिने पानं पत्त्यांसारखी पसरून धरली, फक्त उजवा समास दिसेल अशी, आणि साहेबांनी सराईतपणे पंधरा सह्या ठोकल्या. ज्या माणसाने जन्मात वाचल्याशिवाय कशावर सही केली नाही त्याने!

तीन आठवड्यांनी पत्र आलं. साहेबांनी ते फुटपाथवर, झुलत्या खुर्चीत बसून फोडलं. "आपल्या पंधरा कवितांपैकी पहिल्या चौदा समितीने वाचल्या. त्यांतील माहिती भरपूर असून समितीच्या सदस्यांना ती उपयोगी पडेल. पंधरावी कविता, 'किनाऱ्यावरची', एकमताने निवडण्यात येत आहे. आपली खुर्ची क्रमांक चार."

'किनाऱ्यावरची' नावाची कविता आपण केल्याचं साहेबांना आठवेना. तापात केली असेल? टोपी घालून ते तडक खिडकीशी गेले. ग्रिसेल्दाने फाईल काढून पंधरावं पान पुढे सरकवलं. त्यांचाच लांब कागद. त्यांचीच सही. बाकी अक्षर मात्र ज्या अक्षरात गेली अडतीस वर्षं त्यांच्या खिशात बाजाराच्या याद्या येत होत्या, कांदे, साबण, वात, त्या अक्षरातलं.

ते खिडकीसमोरच वाचू लागले, आणि मागच्या रांगेने पुढे सरकायला सांगितलं तरी हलले नाहीत. वाचून झाल्यावर म्हणाले, "सेन्योरिता, ही माझी नाही."

"सही तुमची आहे."

"सही माझी आहे, कविता माझ्या बायकोची आहे. नावात दुरुस्ती करायची आहे."

ग्रिसेल्दाची लाल नखं टेबलावर थांबली. यावेळी ती हसली नाही. "दुरुस्तीच्या अर्जाला नव्वद दिवस लागतात, साहेब. कार्यक्रम शनिवारी आहे. आणि पत्रकं छापून झालीत."

पत्रकं छापून झाली होतीच. साहेब घरी येईपर्यंत गल्लीने वाचलीही होती. त्यांचं नाव बागेच्या फाटकावर, चर्चच्या भिंतीवर, वखारीच्या दारावर. हासिंतो दुकानातून बाहेर आले, साहेबांचा हात हातात घेतला, आणि "अभिनंदन" म्हणताना त्यांचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा झाला. कंडक्टरने बस थांबवून "कविराज!" अशी आरोळी ठोकली, आणि पहिल्यांदाच साहेबांनी दुरुस्ती करायला सांगितलं नाही.

इथं साहेबांची बाजू घ्यायला हवी. वाईट माणूस नव्हे हा. पण तीन दिवस, पूर्ण तीन दिवस, ते गप्प राहिले. रस्त्यात लोक थांबून बोलत होते. समितीचे प्राध्यापक घरापर्यंत येऊन "त्या शेवटच्या ओळी!" असं म्हणून नुसतेच डोळे मिटून गेले. आज सांगू, उद्या सांगू, असं होत होत शुक्रवार आला, आणि शुक्रवारी दोन्या एर्लिंदांनी अंगणात येऊन डंका पिटला, "काय हो दोन्या ओतिलिया, नवऱ्याने शेवटी बाई घातली म्हणे कवितेत! मीच सांगितलं होतं. 'किनाऱ्यावरची'!"

बाई दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. "काय नाव म्हणालीस?"

"'किनाऱ्यावरची'. सगळ्या गावात लागलंय की!"

"अस्सं," बाई म्हणाल्या, आणि उरलेले कपडे वाळत घातले.

साहेब खोलीत बसून हे ऐकत होते. आता भांडण होईल म्हणून त्यांनी उत्तरं तयार केली. भांडण झालं नाही. जेवायला भात-राजमा नेहमीसारखा, वर आवडतं चीज. शनिवारी सकाळी बाईंनी त्यांचा पांढरा सदरा काढला, खळ दिली, इस्त्री केली आणि पलंगावर नीट पसरून ठेवला. साहेब त्या सदऱ्याकडे बघत बसले. अकरा वेळा कागद परत न्यावा लागलेल्या ग्रिसेल्दाच्या आईनेसुद्धा त्यांना कधी इतकं खजील केलं नव्हतं.

संध्याकाळी बाग भरली. लोक आपापल्या झुलत्या खुर्च्या डोक्यावर घेऊन आले होते. ओतिलियाबाई मागून तिसऱ्या रांगेत, दोन्या एर्लिंदांच्या शेजारी, हातात पंखा. व्यासपीठावर चौथी खुर्ची, आणि तिच्यासमोर खरोखरच पाटी: एवेलिओ तेरान. सुबक अक्षर होतं. साहेबांनी तिच्यावरून एकदा बोट फिरवलं. तिसऱ्या कवीने नदीवर वाचलं, टाळ्या झाल्या आणि प्राध्यापकांनी नाव पुकारलं.

साहेब ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिले. खिशातला कागद त्यांनी काढलाच नाही.

"मी पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या मालमत्तेची नोंद केली," ते म्हणाले. "चुकीच्या नावाची नोंद माझ्या हातून कधी झाली नाही. एक झाली. ती गेल्या महिन्यात झाली, आणि ती मला आठ दिवसांपूर्वी... नाही, चार दिवसांपूर्वी कळली. आणि मी चार दिवस गप्प बसलो. 'किनाऱ्यावरची' या कवितेची मालक ओतिलिया आरौस दे तेरान आहे. ती मागून तिसऱ्या रांगेत बसली आहे. माझी फक्त सही आहे, आणि ती मी न वाचता केली. तिने ती कविता माझ्या फायलीत ठेवली होती, मी वाचावी म्हणून. तिने दोनदा विचारलं. मी वाचली नाही."

वखारीच्या मालकाने शिंक दाबली ती सगळ्या बागेला ऐकू आली. सगळ्या खुर्च्या झुलायच्या थांबल्या आणि माना मागे वळल्या.

"मला नाही यायचं," बाई जागेवरूनच म्हणाल्या. "मी चष्मा नाही आणला."

साहेबांनी आपला चष्मा आणि खिशातला कागद काढला, पायऱ्या उतरले, आणि चष्म्याशिवाय त्यांना दिसत नसल्यामुळे हासिंतोंच्या पायावर पाय देत, दोन खुर्च्यांना अडखळत मागून तिसऱ्या रांगेत पोचले. "घे," म्हणाले. "नंबर जवळपास सारखाच आहे." चष्मा आणि कागद साहेबांनी आधी दोन्या एर्लिंदांपुढेच धरले होते, एर्लिंदांनी ते घेऊन योग्य माणसाच्या हातात दिले आणि बाईंना खसकन उभं केलं.

ओतिलियाबाई वर गेल्या. कागद डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ, मग बरोबर जागी आला. आवाज न चढवता, यादी वाचावी तसं त्यांनी वाचलं:

तू गेलास तिथे म्हणे रात्र सहा महिन्यांची.
इथली रोज संपते,
मग मी दुसरी लावते.

शेजारणी विचारतात, पत्र आलं?
मी सांगते, बर्फ वितळला की येईल.
त्या हसतात. इथे कोणी बर्फ पाहिलाय?

तुझी खुर्ची मी उन्हातून सावलीत ओढते,
सावलीतून पुन्हा उन्हात.
तुझा तेवढाच प्रवास मला ठाऊक आहे.

टाळ्या लगेच झाल्या नाहीत. आधी कोणीतरी नाक शिंकरलं. ते हासिंतो होते. "यमक नाही," ते म्हणाले, आणि पुन्हा शिंकरलं. मग बाग उठली.

परतताना साहेबांच्या डोक्यावर खुर्ची होती आणि चष्मा अजून बाईंच्या नाकावर, म्हणून बाईंनी त्यांचा दंड धरला होता. दोन्ही बाजूंनी लोक हाका मारत होते, "शाब्बास, कविराज!" साहेब आता सवयीने मान लववणार, तोच त्यांच्या लक्षात आलं की हाका त्यांना नाहीत. थोडं टोचलं. खोटं कशाला सांगा, बरंच टोचलं.

"एक तांत्रिक मुद्दा आहे," ते शेवटी म्हणाले. "कप्तान उत्तरेकडचा होता. त्याच्या बायकोच्या गावात बर्फ असणारच. तुझ्या कवितेत ती बर्फ न पाहिलेल्या गावात राहते."

"हो."

"आणि पुस्तकात कप्तानाच्या बायकोबद्दल काहीच नाही."

"आहे. एक ओळ. दोनशे चाळीसाव्या पानावर. 'कप्तानाची पत्नी घरी होती.'" बाईंनी त्यांचा दंड नीट धरला. "सहाशे पानांत तिला एक ओळ, एवेलिओ. मला वाटलं, बिचारीला आणखी थोडी जागा करून द्यावी."

खुर्ची डोक्यावर डुगडुगत होती.

"पण ती वाट कोणाची बघते? तुझ्या मनात कोण होतं लिहिताना? कप्तान?"

"कप्तान दोन वर्षांत परत आला," बाई म्हणाल्या. "तू पस्तीस वर्षं रोज संध्याकाळी सहाला घरी येत होतास, आणि जेवताना फायलींबद्दल बोलत होतास."

दोन्या एर्लिंदा पाच पावलं मागून कान देऊन चालत होत्या, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे साहेबांनी खुर्ची खाली ठेवली, त्या खुर्चीत भर रस्त्यात बाईंना बसवलं, आणि स्वतः कडेच्या दगडावर बसले. लोक बाजूने गेले.

सोमवारी सकाळी साहेब बाईंना घेऊन खिडकीशी हजर झाले. रांग होती, साहेब रांगेत उभे राहिले आणि बोलले नाहीत. ग्रिसेल्दाने दुरुस्तीचा अर्ज काढला, तीन प्रतींत, पण शिक्का तिने आधीच मारून ठेवला होता. नव्वद दिवसांचं ती काही बोलली नाही. उलट उठून तिने खिडकीतून हात बाहेर काढला आणि ओतिलियाबाईंचा हात धरला. म्हणाली, "माझ्या आईला आवडली असती हो."

मग बसून, चष्मा लावून, पुन्हा कचेरीची झाली. "नाव?"

"ओतिलिया आरौस दे तेरान."

"व्यवसाय?"

साहेबांनी सवयीने तोंड उघडलं. अडतीस वर्षं हा रकाना तेच भरत आले होते, "गृहिणी". बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"कवी," बाई म्हणाल्या.

लाल नखांनी ते लिहिलं. "आणि अर्जदाराच्या पतीचा व्यवसाय? निवृत्त कारकून लिहू?"

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. खळ मोडलेला सदरा, बिनचष्म्याचे मिचमिचे डोळे (बाई आजही आपला चष्मा घरी विसरून त्यांचाच लावून आल्या होत्या), आणि बगलेत ते बिनपुठ्ठ्याचं पुस्तक, ज्यात दोनशे चाळीसाव्या पानावर आज सकाळीच साहेबांनी खुणेची एक काडी घातली होती.

"नको," बाई म्हणाल्या. "वाचक लिहा."

ग्रिसेल्दाने साहेबांकडे पाहिलं. "चालेल ना, साहेब? एकदा लिहिलं की बदलायला नव्वद दिवस."

साहेबांनी अर्ज आपल्याकडे ओढला, बायकोच्या नाकावरचा चष्मा अलगद काढून स्वतःला लावला, आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, मागच्या रांगेची कुरकूर चालू असताना, तिन्ही प्रती सावकाश वाचून काढल्या. मगच सही केली.